पांढऱ्या पेशी

उदगीरच्या बस डेपोमागं
पिठाच्या गिरणीला लागून आमची लॅब.
लोकांचं रक्त मी काचेवर पसरते, जांभळं रंगवते,
काउंटरची कळ दाबत मोजते.
शंभर भरले की घंटी वाजते.

पाचव्या महिन्यात पाठीतून हिव भरलं
तेव्हा माझंही मीच मोजलं.
सतरा हजार चारशे.
कागद अजून आहे, रेशन कार्डाच्या प्लास्टिकात.

चन्नवीर आता सहा वर्षांचा.
बाटल्यांची झाकणं लावतो फरशीच्या रेघेवर,
लाल, लाल, जांभळं. लाल, लाल, जांभळं.
एक सरकलं तरी असा ओरडतो
की गिरणीवाला रफिकभाई पट्टा थांबवतो.
मला अजून माय म्हणाला नाही.
गिरणीचा आवाज मात्र हुबेहूब काढतो,
पट्टा सैल झाला असेल तर तोही.

सासूबाईंचं ठरलेलं आहे:
ग्रहणात दोडका चिरलास.
तेव्हा मी हसले होते. शिकलेली ना.

मग लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी
पाठकोऱ्या कागदावर आई काढली, वार काढली,
वारेपलीकडं बोराएवढा मेंदू.
आईचं रक्त जंतूंशी झुंजतं
तेव्हाच्या हाका पलीकडं जाऊ शकतात.
"शकतात"खाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.
उंदरांत दिसलंय. माणसांत अंदाज.
हजारो बायांना ताप येतो, लेकरं ठीक असतात.
तुझं नेमकं काय झालं, कुणीच सांगू शकत नाही.

परतीच्या बसमध्ये
त्या दोन रेघांकडं बघत बसले, नळेगाव गेलं तरी.
दोडका चिरला नसता, एवढं तरी म्हणता येतं.
ताप कसा आला नसता?

रात्री गल्लीत चोर शिरला
की सगळी आळी काठ्या घेऊन ओरडत सुटते.
त्या ओरड्यानं
पाळण्यातलं लेकरू दचकलं असेल
तर आळीला काय बोलायचं?
आळी नसती तर
पाळणा राहिला असता का?

आज हाळीची एक बाई आली, सहावा महिना,
दातावर दात वाजत होते.
ताई, पोटातल्याला काही होणार नाही ना?
म्हटलं, ताप अंगावर काढू नकोस. आजच दवाखाना गाठ.
बाकीचं बोलले नाही.
तिची काच लावली, मोजायला बसले.
टेबलाखाली झाकणं वाजत होती, मग थांबली.
ब्याण्णव, त्र्याण्णव.
माझी नजर भिंगात.
अठ्ठ्याण्णव.
नव्याण्णव.
"टिंग,"
खालून आवाज आला,
घंटीच्या आधी.