चौथी फळी

दाभोळच्या खाडीत ओहोटी लागली
की होडी हळूहळू कुशीवर कलंडते,
म्हशीसारखी, चिखलात.
पाणी परत चढेपर्यंत बापाला तिच्या पोटाशी बसायचं असतं.

सांध्यांतला जुना कापूस आकड्यानं ओढून काढायचा,
काळा, कुजका, कालवांच्या वासाचा.
नवा मांडीवर वळायचा, राळ-तेलात बुडवायचा,
मग पटाशी, आणि पटाशीवर मोगरी.
ठोका आधी भुसभुशीत वाजतो.
वाजत वाजत एका जागी भरीव होतो.
तिथं थांबायचं. त्याच्या आधी नाही.
हे मला त्यानं शिकवलेलं नाही,
डबा घेऊन जायचे, तेव्हा ऐकू यायचं.

वरून लांबी, लांबीवर निळा रंग.
मग त्याचं काम त्यालाही सापडायचं नाही.

मी सोसायटीत डिझेलची वही लिहिते.
पंखा आहे, खुर्ची आहे, पायाला चिखल नाही.
चोगलेसाहेब मागं उभे राहून म्हणतात,
लिही गो, तीनशे चाळीस लिटर,
समुद्रात कोण मोजायला गेलंय?
ती होडी अकरा दिवस वाळूत उभी,
इंजिन काढून गोणपाटावर ठेवलेलं.
रोज येता-जाता मी बघते.

मागच्या महिन्यात लिहिलं मी.
उगाच खोटं कशाला सांगू.
अक्षर छान आलं होतं.

हुसेन मिरकरांची होडी त्या साली
अर्ध्या वाटेतून परत आली, चौघं बालद्यांनी पाणी उपसत.
जेटीवर सगळे म्हणाले, खडकाला घासली असणार.
मिरकरही तेच म्हणाले.
बाप खाली वाकला, अंगठ्याचं नख फिरवत फिरवत गेला,
उठला आणि म्हणाला,
नाळेकडून चौथी फळी. सांधा माझा हाय.
पाणी चढत होतं, मी ठोके कमी मारले.

कोणी विचारलं नव्हतं.

मिरकरांनी चहा पाजला, पैसे देऊ केले, त्यानं घेतले नाहीत.
पण जेटीला कान असतात.
दोन हंगाम त्याच्याकडं होड्या आल्या नाहीत,
लखमाचा हात गेला, म्हणाले लोक,
आणि आई भांडी जरा जोरात ठेवू लागली.
खडकाला काय तोंड होतं? ती म्हणायची.
तो जेवत राहायचा.
नंतर फायबरच्या होड्या आल्या, तो विषयच संपला.
आता तो पडवीत बसून जाळ्याच्या गाठी मारतो
आणि प्रत्येक गाठ एकदा ओढून बघतो.

आज बुधवार. वही उघडी आहे.
चोगलेसाहेबांनी पेन्सिलीनं बारीक आकडे घालून ठेवलेत,
मी फक्त शाईनं गिरवायचे.
खिडकीतून धोपाव्याची फेरीबोट दिसते,
मधोमध, रिकामीच.

पेन्सिलीचे तीनशे चाळीस मी खोडले.
रबराचा चुरा ओट्यावर झटकला.
तिथं शून्य घातलं, शाईनं.
जरा वाकडं आलं, एका बाजूला कलंडल्यासारखं.
नख फिरवून बघितलं कागदावर.

चोगलेसाहेब चारला येतात.
पावणेचार झालेत.
पाणी चढायला लागलंय.