टर्मिनलवर, शुक्रवारी

हेलसिंकीहून शेवटची बोट टॅलिनला लागली
की गवंडी, सुतार, रंगारी उतरतात,
आठवड्याची मजुरी खिशात नाही, फोनमध्ये.
उर्वेची फरशी पुन्हा चिखलाची.

फुकटचं वायफाय भिंतीवर लिहिलंय, निळ्या अक्षरांत.
आज मात्र फोनवर नावं दोन:
एक बंदराचं,
दुसरं त्याच्याच तोंडवळ्याचं, शेवटी एक जास्तीचा आकडा,
आणि सिग्नल त्याचाच दांडगा.
कुलूप दोघांनाही नाही.

हेल्दुर बाकावर बसून बँक उघडतोय.
लेकीचं घरभाडं, आजची तारीख.
चष्मा कपाळावर, बोट हवेत.

उर्वे पोछा थांबवते.
"नाव ओळखीचं दिसलं म्हणून
बादलीत हात घालू नये.
पाणी कुणी ओतलंय, ते आधी बघ."
"इथं कोण बसलंय माझ्यावर टपून?"

ती उत्तर देत नाही.
कुंडीमागे सहापासून एक पोरगा,
मांडीवर लॅपटॉप. दोन बोटी आल्या, दोन गेल्या,
तो कुठेच गेला नाही.
असेलही वाट बघत कुणाची.
तिला काय ठाऊक. तिला फरशी ठाऊक:
कोण कुठे थांबतं, किती वेळ.

हेल्दुर पुटपुटत वायफाय बंद करतो.
स्वतःचा डेटा, चिमूटभर उरलेला.
गोल फिरतं, फिरतं,
फिरतच राहतं.
गेले पैसे.

मग उर्वे मुद्दाम
कुंडीपाशी वळते.
"पाय वर घे, बाळा."
तो पाय वर घेतो. लॅपटॉप मिटतो.

तिच्या एप्रनच्या खिशातल्या फोनवर
दोनांतलं एक नाव
विझतं.