पोहोच

भूमच्या पेठेत दुपारी उन्हाला एकच रंग असतो, पांढरा.
खव्याची साइटही मी तशीच केली होती:
सायीवर साय, राखाडीत भिजलेली बारीक अक्षरं,
पुण्यातल्या खोलीत, पडदे ओढून.
लंकामामीनं भट्टीसमोर मोबाइल धरला,
पदराची सावली केली त्याच्यावर,
"कोरंच हाय की गं हे," म्हणाली.
मी म्हटलं, ब्राइटनेस वाढव.

रोज एक रील टाकली.
उलथनं, वाफ, फेस, मागे कुणाचं तरी गाणं.
आकडा फुगला, दूध उतू जातं तसा:
पोहोच अकरा हजार दोनशे.
ऑर्डरी दोन. त्यातली एक माझ्याच मैत्रिणीची.
मामीनं विचारलं, "मग पावत्या कुठंयत?"
तिच्या लेखी पोहोच म्हणजे
डेअरीवाला दूध मोजून देतो ती चिठ्ठी,
लिटर, फॅट, सही.
घातलं ते कुणाच्या तरी हातात पडलं, याचा कागद.
अकरा हजारांत सही कुणाचीच नव्हती.

मग कळंबहून फोन आला.
अंबऋषी हजगुडे, टेलिफोन एक्सचेंजातून रिटायर,
जन्मापासून दिसत नाही.
"ताई, तुमच्या दुकानात शिरलो.
फोन मला वाचून दाखवायलाय:
चित्र. चित्र. आयएमजी चार हजार चारशे एकाहत्तर.
बटण. बटण. नाव नसलेलं बटण.
एक दाबलं, तर दुकानाच्या बाहेरच आलो.
खवा हाय का नाही तुमच्याकडं?"

रात्री लॅपटॉप घेऊन बसले.
एकेका चित्रामागे एक रिकामा चौकोन,
इतके दिवस मी न भरता पुढे गेलेला.
पहिल्यात लिहिलं: खवा.
दुसऱ्यात: खवा.
तिसऱ्यात लिहिताना लाज वाटली.
सकाळी भट्टीवर गेले. मामी, कसा असतो गं?
तिनं उलथनं थांबवलं नाही.
"आधी नुसता बडबडतो. मग बुडबुडे जड व्हतात,
म्हातारी माणसं बोलतात तसे, थांबून थांबून.
कढई सोडाया लागला की आवाज बदलतो,
वल्ल्या मातीवरून चप्पल वढल्यागत.
मग उतरवायचा.
बोटाला रवा लागला पायजे, तूप न्हाई."
तसंच्या तसं लिहिलं. एकवीस चित्रं होती,
एकविसांना पुरून उरलं.

बटणांना नावं ठेवली, म्हणजे खरोखरची:
अर्धा किलो घ्या. मागे जा. मामीशी बोला.
अक्षरं काळी केली, एसटीच्या पाटीसारखी.
रीलवरचं गाणं काढलं, मामीचं बोलणं घातलं
आणि खाली लिहूनही टाकलं,
कारण स्टँडवरच्या पोरी आवाज बंद करून बघतात,
आणि पाथरूडच्या सोपान कुंभाराला
आवाज चालू असूनही ऐकू येत नाही.
ते चपलेचं वाक्य कुणीतरी उचललं,
स्टेटसला ठेवलं, कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरलं,
परभणीहून एका बाईनं विचारलं, हे कुठल्या भट्टीवरचं?

त्या आठवड्यात आकडा उतरला, नऊशे आणि काहीतरी.
डबे सतरा गेले.

अंबऋषींचा डबा कळंब गाडीत, कंडक्टरच्या पायाशी.
संध्याकाळी त्यांचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला,
एक्सचेंजच्या शिस्तीत, आधी वार, मग वेळ:
"मंगळवार, सहा वाजून दहा. माल पोचला.
रवा चांगलाय. कडेला जरा लागलाय."

मामीला ऐकवलं. तिनं परत लावायला सांगितलं.
"लागलाच व्हता. सरपण वल्लं व्हतं," म्हणाली,
"लिव्ह की मग त्ये बी.
तुज्या त्या पयल्या फोटूत बी हाय बघ, कडंला तांबूस."

मी फोटो बोटांनी मोठा केला.
होतं.