इतिवृत्त, मुद्दा चौथा

स्पाल्डिंगचं नगरभवन, डिसेंबरचा दुसरा मंगळवार.
हीटर एकाच बाजूला तापतो,
म्हणून मालक मंडळी कोट काढून बसली आहेत
आणि युनियनवाले मफलर गुंडाळून.
जागा कुणी ठरवून दिल्या नव्हत्या.

माझं काम लिहून घेण्याचं.
कुणी ओरडलं तर ‘तीव्र भावना व्यक्त करण्यात आल्या’,
कुणी गप्प राहिलं तर ‘सहमती दर्शवण्यात आली’.
बावीस वर्षांत या गावातली किती भांडणं
मी कर्मणी प्रयोगात बसवली.

लंडनहून आलेले फेनविक साहेब सांगतात,
विषय साधा आहे:
परवान्याशिवाय कुणी कामाला लागू नये.
कसं, ते तुम्ही सुचवा, शासन ऐकायला आलं आहे.
शासनाला सर्दी झाली आहे.

थर्केल, कोबीवाले, तिसरी पिढी:
पासपोर्ट मी उजेडात धरून बघतो, दोन्ही बाजूंनी.
पण मला पानावरची कीड कळते,
शिक्क्यावरची कशी कळावी?
चुकलो तर दंड माझ्या डोक्यावर.
आणि नाताळच्या ताटात अख्ख्या देशाला
ब्रसेल्स स्प्राउट हवेत म्हणजे हवेतच,
पंचवीस तारखेला.
सव्वीसला कुत्रं विचारत नाही.
हशा.
हशा आम्ही नोंदवत नाही.

वृद्धाश्रमांच्या वतीने मिसेस ओयेलारन,
चष्मा पुसत, खालच्या आवाजात:
माझे कागद या देशात तीनदा तपासले गेलेत, माझं नाव वाचून.
दंड वाढवा, मालक कागद सोडून कातडी तपासू लागतील.
फेनविक साहेब माझ्याकडे वळले,
हा शब्द जरा सौम्य करता येईल?
मी खोडरबर आणलं नव्हतं.

मग ग्वेंडा टास्कर.
पॅकिंग शेडमध्ये एकोणीस वर्षं,
बोटं अजून गाजरं मोजत असल्यासारखी.
तिने पिशवीतून एक अर्ज काढला, चार घड्यांचा.
अकरा आठवड्यांची मजुरी थकलेली,
ठेकेदार फोन उचलत नाही.
तो सगळं भरून आला होता, सुवाच्य अक्षरात,
पत्त्याच्या रकान्यापर्यंत.
तिथे थांबून त्याने विचारलं,
हा कागद इथून आणखी कुठे जातो?
मी खरं ते सांगितलं, ग्वेंडा म्हणाली.
खोटं सांगायला हवं होतं का, ते या सभेने ठरवावं.
त्याने घड्या घातल्या, अर्ज मलाच दिला, आभार मानले,
आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं,
कुणी झोपलेलं असावं तसं.

थर्केल काही बोलले नाहीत.
तोच ठेकेदार त्यांच्याकडेही माणसं पुरवतो,
खोलीत सगळ्यांनाच ठाऊक.
हीटरशेजारी बसून त्यांनी कोट घातला.

मी विचारलं, नाव काय त्याचं? स्पेलिंग सांगा.
ग्वेंडा अर्जाची घडी पुन्हा घालू लागली.
फेनविक साहेबांनी नाक पुसलं. पुढचा मुद्दा?

मी लिहिलं:
‘एक कागद सादर करण्यात आला. तो परत घेण्यात आला.’

जानेवारीत मसुदा सह्यांसाठी फिरला.
सगळ्यांचे आले. थर्केल यांचा सर्वांत शेवटी,
कोपऱ्याला माती लागलेला,
आणि समासात पेन्सिलने, ओझरतं:
अकरा आठवडे, हे राहिलं आहे.

मी ते शाईने घातलं.