तहकूब

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, खोबऱ्याच्या वखारीवर
माडीची एक खोली, भाडं महिना सव्वा रुपया.
तिथे दर मंगळवारी तीन ते पाच
आमचं मंडळ भरायचं.
तीन, कारण तेव्हा घरातले पुरुष निजलेले असत.
पाच, कारण ते उठत आणि चहा मागत.
एवढ्या फटीत आम्ही बसवलं
देवीची लस, बाळंतिणीच्या खोलीला खिडकी,
शिवणयंत्राचा हप्ता,
आणि जपानने रशियाला कसं हरवलं तेही.

अध्यक्ष सत्यभामाबाई नाबर.
जाड भिंगांचा चष्मा, एका दांडीच्या जागी दोरा.
लोक म्हणत, बाई फार पुढे गेलीय.
पुढे कुठे? घरापासून वखारीपर्यंत, सातशे पावलं.
मीच मोजली होती, त्यांच्या मागून चालताना.
मी चिटणीस. अक्षर बरं होतं, म्हणून.

गावच्या साप्ताहिकात कुणीतरी छापलं,
'मंगळवारच्या मंडळात काय शिजतं कुणास ठाऊक,
घरी मात्र भात करपतो.'
बाईंनी ते कात्रण वहीत खळीने डकवलं
आणि मला खाली लिहायला लावलं:
नोंद घेतली.

मग आवडी आली, गाबितवाड्यातली.
जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी,
टोपली खाली ठेवून, वास वर घेऊन.
'बाये, माका पावती वाचूक शिकव.
कारकून चार मण जोखता नि तीन लिवता.'

पावती मोडीत होती.
मंडळात मोडी एकट्या बाईंना यायची.
त्यांनी चष्मा वर केला, खाली केला,
घडी घालून कागद परत दिला.
रेग्यांची मनोरमा नाकाला पदर लावून म्हणाली,
आज हिला आत घेतलं तर उद्या पाणी कुठल्या तांब्यातलं प्यायचं?
बाई म्हणाल्या, लिही, विषय तहकूब.

सात मंगळवार मी तो शब्द लिहिला.
सात मंगळवार आवडी पायरीवर,
आत भरतकामाचे टाके, बाहेर ती.
तांब्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं.
दुसरं मला एकटीला:
पावतीवरचा शिक्का बाईंच्या दिरांच्या पेढीचा होता.

आठव्या मंगळवारी
बाईंनी आल्या आल्या चटई उचलली.
आम्हाला वाटलं, झटकणार.
त्या दारापर्यंत गेल्या, अर्धी चटई आत,
अर्धी पायरीवर घातली आणि उंबऱ्यावरच बसल्या.
म्हणाल्या, सभा सुरू.

पाटी कुणाची घेतली ते आठवत नाही.
खाली वखारीत नारळ फुटत होते,
त्या आवाजात एक, दोन.
मग बाईंनी पावतीवर बोट ठेवलं.
बोट किंचित थरथरत होतं, हे मी वहीत लिहिलं नाही.
आवडीने पाटी पाहिली, पावती पाहिली,
आणि एवढ्या मोठ्याने हसली की हमालांनी वर बघितलं.
'ह्योच काय तो मेलो तीन!'

पुढच्या महिन्यात खोलीचं भाडं पाच रुपये झालं.
कुणी केलं, ते इतिवृत्तात नाही.
मंडळ खाडीकडच्या उंडीखाली भरू लागलं,
अकरा जणींचं चार जणींवर आलं,
शिवणयंत्र हप्त्यासकट परत गेलं.
बाई दिरांकडच्या जेवणावळीला गेल्या नाहीत,
म्हणजे बोलावणंच आलं नाही.
पण आवडीच्या हातचं पाणी त्यांनीही
पुढची दोन वर्षं घेतलं नाही.
हेही लिहून ठेवते.
त्या असत्या तर 'लिही' म्हणाल्या असत्या.

आणि मी?
त्या आठव्या मंगळवारी, घरी सासूबाईंना कळायच्या आत
मी राजीनामा लिहिला होता. सुंदर अक्षरात.
बाईंनी तो वाचला, माझ्याच टाकाने
कोपऱ्यात एक शब्द लिहिला
आणि वही माझ्याकडे सरकवली.

उंडीखाली पहिल्या दिवशी शाई कुणी आणली होती?
मीच.
तो विषय पुन्हा कधी निघालाच नाही.
बाई गेल्या त्याला आता एकोणीस वर्षं झाली.
माझा राजीनामा
अजून तहकूब आहे.