मे महिन्यात मोजू नका

मोजणीदार आला तो मे महिन्यात,
भरदुपारी, सुकतीच्या वेळी.
पास्कूची होडी गाळात रुतली
तेव्हा बूट हातात घेऊन तो जुव्यावर चढला.
फीत ताणली, चार खुंट्या ठोकल्या,
कागदावर लिहिलं:
‘निर्मनुष्य. पडीक.’

खोटं नव्हतं काही.
तुताऱ्या, पाणटिवळे, उत्तरेकडचे सगळे
कधीच उठून गेले होते,
आणि ढोकऱ्यांना, बगळ्यांना
अजून काटक्या शोधायच्या होत्या.
दोन भाडेकरूंच्या मधला महिना.
घर झाडायला ठेवलेलं.

मी पलीकडे तिसऱ्या काढत होते,
कमरेइतक्या पाण्यात.
त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
त्याची लाज वाटते अजून.

चोडणच्या ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लागला.
जुव्याच्या जागी जेटी, हॉटेल, दिव्यांची माळ.
पोरांना कामं मिळतील, म्हणाले.
टाळ्या वाजवणाऱ्यांत माझा सगुणही होता.

मग मी उठले. बोलायची सवय नाही.
म्हटलं, आषाढात या.
होडीची मोटार लांबच बंद करा.
एका तिवरावर बावीस घरटी मोजलीत मी.
वास सोसवत नाही,
अर्धी गिळलेली मासळी वरून अंगावर पडते,
पिल्लं म्हणजे नुसती चोच आणि हट्ट.

नाहीतर कार्तिकात या,
सुकतीला.
चिखल चालायला लागलाय असं वाटेल.
ते पाय असतात.

कोणीतरी हसलं.
सरपंचबाईंनी विचारलं, ‘आणि तुमच्या तिसऱ्या?’
प्रश्न बरोबर होता.
त्यांचं ताट आणि माझं ताट एकच.
घशाला कोरड पडली.
म्हटलं, दिवाळीपासून शिगम्यापर्यंत
जुव्याच्या चिखलाला हात लावणार नाही.
माझ्यापुरतं सांगते. बाकीच्या बायकांचं त्यांना विचारा.

हंगाम तेवढाच असतो आमचा.
सगुण दोन दिवस जेवायला बसला नाही माझ्याबरोबर.
तिसऱ्या दिवशी बसला, पण बोलला नाही.

ठराव व्हायचाय. फाईल पणजीला गेलीय म्हणतात.

काल फेरीबोटीच्या कठड्याशी उभी होते.
पाऊस नव्हता, नुसतं कुंद.
खुंट्यांपैकी तीन भरतीनं नेल्यात.
चौथीवर एक पाणकावळा
पंख उघडून वाळत बसला होता,
आणि त्याच्या मागून एक बगळा
चोचीत काटकी धरून आला,
ती पडली पाण्यात,
तो वळला, दुसरी आणायला गेला.