दशांश चिन्हानंतरचा दुसरा अंक

घडी माझ्या हातात होती,
हे आधीच सांगून टाकतो.

गणित शिकवायचो, म्हणून दर पौषात
चुलबंदच्या काठी, धान निघालेल्या बांधीत,
पंच मला मचाणावर चढवत.
मास्तराचं बोट खोटं बोलत नाई, म्हणत.
तारेची, दिव्याची मशीन तेव्हा आली नव्हती.
झेंडी पडली की दाबायचं,
जोडीनं रेघ ओलांडली की पुन्हा दाबायचं.
मधल्या सहा सेकंदांत
कोणी खर्रासुद्धा थुंकत नसे.

त्या साली दुपारी उरकुडा बोरकरची जोडी सुटली.
सहा पूर्णांक बत्तीस.
गुलाल तेव्हाच संपला.

उन्हं कलल्यावर पतिराम कापगते आला.
उजवीकडे विकत घेतलेला कवड्या,
डावीकडे घरच्याच गाईचा गोऱ्हा,
त्याला नाव ठेवायचं राहून गेलेलं,
सगळे धाकटा म्हणत.
पतिराम छकड्यावर गुडघे टेकून,
हातात तुतारी नाही,
नुसता जिभेनं चुचकारत.

झेंडी पडली. मी दाबलं.
आणि रेघेच्या चार हात अलीकडे
धाकट्याचे चारही पाय जमिनीवर नव्हते.
चारही.
खाली सावली, वर बैल,
आणि दोघांच्या मधून पलीकडचं तनसाचं पुंजणं
मला स्वच्छ दिसलं.

मी बघत राहिलो.
मग दाबलं.

सहा पूर्णांक चौतीस.

मंडईच्या रात्री नाटकाच्या दुसऱ्या अंकानंतर
बक्षिसं पुकारली.
उरकुडाला सायकल, हार, माईकवर दोन शब्द.
दुसरं बक्षीस पुकारताना माईक शिट्टी मारायला लागला,
तो नीट होईपर्यंत पडदा वर गेला होता.
पतिराम विंगेच्या मागून
भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी गेला,
काखेत, टोपल्यासारखं.

सोमवारी सहावीला मी आसन्न किंमत शिकवली.
दशांश चिन्हानंतरचा दुसरा अंक
पाचपेक्षा लहान असेल तर सोडून द्या.
पतिरामची वनमाला खिडकीजवळ बसायची.
तिनं पाटीवर काहीतरी लिहिलं,
पुसलं, पुन्हा लिहिलं, आणि पाटी वर धरली.
सहा पूर्णांक तीन.
खाली सहा पूर्णांक तीन.
"मंग सारखेच ना, गुरुजी?"
गणितात हो, मी म्हणालो. पटात नाही.
आणि फळा पुसला,
जो आधीच कोरा होता.

नंतरही पतिराम पळाला.
एकदा तिसरा आला, एकदा छकड्याचं चाक निघालं.
उरकुडाची जोडी मोठ्या भावाला गेली,
चौकातल्या पानठेल्यावर तिचा फोटो
अजून आहे, उन्हानं निळा पडलेला.
धाकटा पुढं नांगराला, मग गाडीला.
तो कधी मेला, मला कळलं नाही.

निवृत्त झाल्यावर तीन वर्षांनी गेलो पतिरामकडे.
घड्याळ भिंतीवर होतं, अकरा मिनिटं मागे.
मी चहा येण्याआधीच बोललो, नाहीतर बोललो नसतो:
बोट माझं उशिरा पडलं.
रेघेवर नव्हतो बघत.

त्यानं पानाचा डबा बंद केला.
"किती उशिरा?"
माहीत नाही. दोन शतांश, तीन. जास्तही असेल.
तो गप्प. मी शिव्यांची वाट बघत राहिलो.
"मंग कुठं पाहत होते?"
धाकट्याकडे, म्हणालो,
आणि सांगितलं सगळं, पाय, सावली, तनस.
"चारही?"
चारही.

"अवो, भायेर ये," त्यानं बायकोला हाक मारली,
"गुरुजी काय म्हनते आयक."
ती पदराला हात पुसत आली.
मी पुन्हा सांगितलं.
तनसाचं पुंजणं कोणाचं होतं, तिनं विचारलं.
मला आठवेना. तिला आठवलं.

पतिराम किती तरी वेळ अंगणातल्या रिकाम्या खुंट्याकडे बघत होता.
मग म्हणाला,
"मी त छकड्यावर होतो ना, गुरुजी.
मले त त्याची पाठच दिसे."